चमचाभर शू, म्हणून चालवून घेताय? छोट्या कुत्र्याला सवय लावताना या चुका टाळा

लॅब्रेडॉरने हॉलमध्ये शू केली की अख्खं घर उठून उभं राहतं. शिह त्झूने केली तर कुणीतरी पायानेच फडकं फिरवतं आणि विषय संपतो. छोट्या जातींची कुत्री मठ्ठ असतात म्हणून उशिरा शिकतात, हे मला पटत नाही. आपणच चालवून घेतो.

पिल्लाचं वय जितके महिने, तितके तास ते फार तर कळ काढू शकतं, असा ढोबळ हिशोब आहे. पॉमेरेनियन, पग, शिह त्झू यांच्यासाठी त्याहून कमीच धरा. सकाळ-संध्याकाळच्या दोन फेऱ्यांत भागणार नाही. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, आणि खेळता खेळता मध्येच थांबून जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की त्याच क्षणी न्यायचं. न्यायचं म्हणजे उचलून. लिफ्टची वाट बघताना खाली ठेवलंत तर ते तिथेच काम उरकेल.

लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईस्तोवर, पार्व्होच्या (पिल्लांना होणारा जीवघेणा, संसर्गजन्य आजार) भीतीने त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. तोवर बाल्कनीचा किंवा बाथरूमचा एकच कोपरा ठरवा. आज पेपर, उद्या शू शोषणारं पॅड, परवा न्हाणीघर असं करू नका. पॅड वापरत असाल तर घरातली पायपुसणी उचला. त्याच्या पायांना दोन्ही सारखीच लागतात.

मग येतं फिनेल. आपल्याला त्याचा वास आला की जागा स्वच्छ झाली असं वाटतं, पण कुत्र्याला त्याखालचा शूचा वास येतच असतो, आणि त्याच्या लेखी ती जागा ठरलेली असते. शिवाय छोटं कुत्रं फरशीला लागूनच वावरतं, पंजे चाटतं, म्हणून फिनेल तसंही नकोच. आधी जुन्या कपड्याने दाबून टिपा, घासू नका. नंतर शूचा वास मुळातून घालवणारं एन्झाइमवालं क्लीनर ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्या. ओतून लगेच पुसलं तर पैसे वाया. टाइल्सच्या फटी आणि सोफ्याचे पाय विसरू नका.

नाक घासणं, पेपरची गुंडाळी मारणं यातून ते एकच शिकतं: माणसासमोर शू करायची नाही. मग खाली पट्ट्यावर अर्धा तास कोरडं फिरतं आणि घरी येऊन सोफ्यामागे मोकळं होतं. खाली शू केल्या केल्या तिथेच खाऊ द्या, आणि थोडं फिरवा. लगेच वर आणलंत तर फिरणं लांबवण्यासाठी ते धरून ठेवायला शिकतं.

पावसाळ्यात शिकलेलंही बिघडतं. ओलं गवत थेट पोटाला लागतं, मग जाणार कोण? छपराखालची कोरडी कड शोधा, आणि पिशवी न्या. सोसायटीची बोलणी वाचतील.

शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका. पाहुणे आले की आनंदाने होणाऱ्या थेंबांवर ओरडू नका, ओरडल्याने वाढतात. आणि शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं, कुंथायला लागलं किंवा शूत रक्त दिसलं, तर तो सवयीचा प्रश्न नाही. शिह त्झू, ल्हासा यांना मूतखड्याचा त्रास बऱ्यापैकी होतो. शू अडलीच असेल तर उद्यावर न ढकलता ताबडतोब डॉक्टरकडे न्या.