नोकरी करता करता पुन्हा विद्यापीठात जाताय? या चुका टाळा

तिशी-चाळिशीत पुन्हा शिकायला निघालेल्यांची सगळ्यात महागडी चूक प्रवेश अर्ज भरण्याआधीच होते. आधी पदवी ठरते, मग तिचा उपयोग शोधला जातो. हे उलट करा. जे पद हवंय त्याच्या वीसेक जाहिराती जमवा आणि पाहा, पदवी ही अट आहे की नुसतं ‘असल्यास प्राधान्य’? नर्सिंग किंवा वकिलीसारख्या परवाना लागणाऱ्या क्षेत्रांत ठरावीक शिक्षणाची अट असतेच, आणि तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का हेही तपासावं लागतं. बाकी बऱ्याच ठिकाणी छोट्या प्रमाणपत्रावर भागतं. बढतीच हवी असेल तर साहेबांना थेट विचारा, या पदवीने माझं पद बदलेल का? उत्तर गोलमोल आलं, तर ते नकार म्हणूनच धरा.

दुसरी चूक वेळेच्या हिशेबाची. ‘रात्री तासभर बसेन’ म्हणणारे पहिल्याच सत्रात दमतात. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ वर्ष ६० क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे निम्मा भार घेतला तरी वर्षाला ७५० ते ९०० तास! एकही आठवडा सुट्टी न घेता आठवड्याला साधारण १४ ते १७. हे तास नेमके कुठून येणार, ते घरच्यांसोबत बसून कागदावर मांडा. झोपेतून काढायचे असतील तर कमी विषय घ्या.

फीचा आकडा सगळे बघतात. बुडणारा ओव्हरटाइम आणि बिनपगारी रजा मोजायची राहून जाते. कंपनी फी भरणार असेल, तर बाँड किती वर्षांचा आहे तेही वाचा. अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचे क्रेडिट किंवा कामाचा अनुभव धरला जाईल का, हे प्रवेशाआधीच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

अभ्यासाची पद्धतही जुनीच राहते. अधोरेखित करत तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, हीच गोम आहे. रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात लगेच घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे सरस ठरले. वय झालं, लक्षात राहत नाही, अशी तक्रार करण्याआधी हे करून पाहा.

आणि तरीही मागे पडलात तर? बरेच जण लाजेने गप्प बसतात, तास चुकवत राहतात आणि थेट नापासाचा शेरा घेतात. प्राध्यापकांना सुरुवातीलाच गाठा. एखादा विषय सोडण्याची, सत्र पुढे ढकलण्याची मुदत विद्यापीठाच्या वेळापत्रकात दिलेली असते. ती तारीख पहिल्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरात टाका.