मैत्रिणी जोडायला जेवायला बोलावताय? या चुका टाळा

पहिल्या वेळी मी घातलेला घाट असा होता: अळूवडी, मटार उसळ, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, गरम पुऱ्या आणि आम्रखंड. आठ जणी बोलावल्या होत्या, बहुतेक एकमेकींना अनोळखी. साडेदहाला सगळ्या "जेवण फारच छान होतं हं" म्हणत गेल्या. भांडी आवरताना लक्षात आलं, की संध्याकाळभर मी एकीशीही सलग पाच मिनिटं बोलले नव्हते. मी पुऱ्या तळत होते. त्या आठ जणींपैकी कोणी नंतर कोणाला फोन केल्याचंही कानावर आलं नाही.

तेव्हापासून गेल्या चार वर्षांत अशी बरीच जेवणं केली. येणाऱ्या साधारण पस्तिशी ते पंचावन्नच्या. कोणी नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्यात आलेली, कोणाची मुलं शिकायला बाहेर गेलेली, कोणी नुकतीच वेगळी राहू लागलेली. काही जेवणं जमली, बरीच फसली, आणि फसण्याची कारणं फिरून फिरून तीच निघाली.

पाहुणचार करत बसणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि आपल्या हाडीमांसी खिळलेली. गरम पोळी, गरम भाकरी, गरम भजी, म्हणजे जे काही 'गरमागरम वाढते' म्हणून करायचं, ते सगळं यजमानणीला गॅससमोर उभं करतं. पिठलं-भाकरीचा साधा बेतही याच सापळ्यातला. साधं वाटतं, पण सहा जणींच्या भाकऱ्या थापताना गप्पा बाहेरच राहतात. मसालेभात, टोमॅटोचं सार, काकडीची कोशिंबीर आणि भाजलेले पापड असा बेत ठेवा, दुपारीच उरकतो. मिसळ त्याहून उत्तम. उसळ आणि कट मंद आचेवर, फरसाण-कांदा-लिंबू टेबलावर, जिची तिने वाढून घ्यायची. तिखट झेपणारी आणि न झेपणारी लगेच कळते, तिथून बोलणं सुरू होतं.

"राहू दे, तू बस" हे वाक्य तर विसराच. नवख्या घरात हात मोकळे असलेली बाई अवघडते. तिला कांदा चिरायला द्या, ताक घुसळायला द्या. आमच्याकडे एकदा थालीपिठाची भाजणी मळून ठेवली आणि ओल्या फडक्यावर जिचं तिने थापायचं असं ठरवलं. एकीचं तव्यावर टाकताना तुटलं, दुसरीने ते सांधलं. दोघी ओट्याशी अर्धा तास उभ्या होत्या.

आग्रहही नको. "एकच घे, माझी शपथ" करताना समोरचीची गोष्ट मध्येच तुटते, आणि ती परत कधी सुरू होत नाही.

पंधरा जणी, किंवा पाच जुन्या आणि एक नवी

हळदीकुंकवाला संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पन्नास-पन्नास जणी येऊन जातात. वाण घेतात, तिळगूळ घेतात, दहा मिनिटांत चपला घालतात. त्यातून मैत्रीण मिळाल्याचं फारसं ऐकलं नाही. शिवाय विधवा आणि घटस्फोटित बायकांना अजूनही कित्येक घरांतून ते बोलावणं जात नाही. साध्या जेवणाला ती अट नाही, म्हणून यादी करताना त्याच आधी आठवाव्यात असं मला वाटतं.

रॉबिन डन्बर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी गप्पा मारणाऱ्या घोळक्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात असं दिसलं. पाचवं आलं की घोळका फुटायला लागतो. म्हणून मी आपल्यासकट सहा धरते. फुटलं तरी तिघी-तिघी होतात, एकटी कोणी उरत नाही.

शाळेपासूनच्या पाच मैत्रिणींत एक नवी बसवणं हा मात्र तिच्यावर अन्याय. "अगं, ती जोशीबाईंच्या तासाची गंमत आठवते का" सुरू झालं की ती बिचारी तासभर हसरा चेहरा धरून बसते. निदान तिघी तरी नव्या हव्यात.

"मिस्टर काय करतात?"

ओळख करून देताना आपणच घोळ घालतो. "ही आमच्या वरच्या मजल्यावरची, मिस्टर बँकेत आहेत." झालं, आता बँकेवर बोला! त्यापेक्षा "हिने गच्चीत अळू लावलंय आणि खाजत नाही असा दावा आहे" असं सांगा. बघा कशा तुटून पडतात.

"आडनाव काय?" आणि "मूळच्या कुठल्या?" हे प्रश्न आपल्याकडे किती निरागस असतात, ते विचारणारीला आणि विचारली जाणारीला दोघींनाही ठाऊक असतं. मी बोलावतानाच फक्त नावं सांगते. "मुलं किती?" हाही पहिल्या तासात नको. एकदा त्या प्रश्नानंतर एक जण स्वच्छतागृहात गेली ती वीस मिनिटं आली नाही. प्रश्न मीच विचारला होता.

त्यातच हाक मारण्याचा गुंता. चौतीस वर्षांच्या मुलीने अठ्ठेचाळीसच्या बाईला "काकू" म्हटलं की मैत्रीचा विषय तिथेच संपला. ताई चालेल, वहिनी कोणाची ते कळत नाही. दारातच सांगून टाका: आज सगळ्या एकमेकींना नावानेच हाक मारणार, अगं-तुगं. पहिली दहा मिनिटं जीभ अडखळते, मग सरावते.

पंचांग न बघता तारीख ठरवणं

सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी आणि वर श्रावण. कोणाला काय चालत नाही हे आधी विचारलं नाही, तर एक जण कोपऱ्यात केळं खात बसते. कांदा-लसूण न खाणारी, बटाटाही न खाणारी जैन मैत्रीण, सामिष चालणारी पण मंगळवारी नाही म्हणणारी, हे सगळं एका निरोपात विचारून होतं. मी एकदा चुकून संकष्टीला बोलावलं. दोघींचा उपास, चंद्रोदय सव्वानऊनंतर. शेवटी सगळ्याच गच्चीवर चंद्र शोधायला गेलो. ढग होते. त्या रात्रीच्या गप्पा माझ्या सगळ्या बेतांपेक्षा चांगल्या झाल्या, पण त्याचं श्रेय मला घेता येणार नाही.

निरोप नेमका हवा. "कधीतरी या ना जेवायला" म्हणजे न बोलावणंच. तारीख, साडेसात ते साडेदहा ही वेळ, आणखी कोण येणार आणि मेनू, एवढं लिहा. संपायची वेळ लिहिली की घरी लहान मूल किंवा आजारी सासरे असलेली बाईसुद्धा येऊ शकते. लांबून येणारीला परत कोण सोडणार तेही आधीच ठरवा, नाहीतर नऊ वाजल्यापासून तिचं सगळं लक्ष घड्याळात.

घरातली इतर माणसं

नवरा "चालू द्या तुमचं" म्हणून हॉलमध्येच पेपर घेऊन बसला, तर काहीही चालत नाही. त्याला मित्राकडे धाडा. सासूबाई असतील तर त्यांना पहिली पंधरा मिनिटं मानाने गप्पांत घ्या, मग त्या मालिकेला जातील. वन बीएचकेत हे जमणार नसेल तर गच्ची बघा, किंवा भिशीसारखं दर वेळी दुसरीचं घर धरा.

काही अडचणी आणि मी काय करते

बोलणं थंड पडलं: "स्वतःच्या कमाईतून पहिली वस्तू काय घेतलीस?" हा प्रश्न आजवर फसला नाही. प्रेशर कुकरपासून सोन्याच्या कुड्यांपर्यंत उत्तरं येतात. उत्तर आधी स्वतः द्यायचं.

एकच बाई बोलतेय: तिला कॉफी करायला स्वयंपाकघरात बोलवा. ती तिथे बोलेल, तुम्ही ऐका.

सासू-नवऱ्याच्या तक्रारींची लाट आली: थोडी येऊ द्या. तासभर तेच चाललं तर मात्र उठून पानं वाढायला घ्या.

कोणी रडली: गर्दी करू नका, सल्ला तर अजिबात नको.

कोणी साड्या, विमा किंवा आरोग्य पावडर विकायला काढली: "आज नको गं" असं सगळ्यांसमोर, हसून, पण स्पष्ट. माझ्याकडे एकदा जेवणानंतर पर्समधून कॅटलॉग निघाले. मी गप्प बसले, आणि त्यातल्या दोघी पुन्हा आल्या नाहीत.

एका जेवणावर सगळी आशा

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास आणि जिवलग मैत्री व्हायला 200 तासांहून जास्त सहवास लागतो असं दिसलं. माझ्या जेवणाचे तीन तास धरले तर 50 तासांसाठी सतरा जेवणं! महिन्याला एक म्हटलं तर जवळजवळ दीड वर्ष. भिशीत बायका वर्षानुवर्षं टिकतात याचं कारण पैशापेक्षा ही ठरलेली तारीख असावी. म्हणून चपला घालायच्या आधी पुढची तारीख आणि घर ठरवून घ्या. मधल्या दिवसांत दोघी-दोघींनी मंडईत जाणं, टेकडी चढणं व्हायला हवं, ते तुम्ही ठरवून देऊ शकत नाही.

त्याच रात्री व्हॉट्सअॅप ग्रुप काढणं मी बंद केलंय. तिसऱ्या दिवशी सुप्रभातची फुलं, पाचव्या दिवशी फॉरवर्ड, आणि सगळ्यांना भेटल्याचं समाधान. ज्यांना हवेत त्या एकमेकींचे नंबर घेतात.

त्याऐवजी उरलेलं अन्न स्टीलच्या डब्यात भरून द्यायचं. प्लास्टिकचा, टाकून देण्याजोगा डबा चालणार नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आणि परत द्यायला यावं लागतं. सध्या माझे तीन डबे बाहेर आहेत. चौथा परवा आला, त्यात कैरीचा तक्कू होता. घेऊन येणारी चहाला म्हणून थांबली ती आठ वाजेपर्यंत बसली. मी घरी काही केलेलं नव्हतं, मग आम्ही तक्कू आणि शिळी पोळी खाल्ली.