दशावतारी आख्यानात सत्तेचं रूपक कसं बसवायचं

आधी नेपाळचा पंचायत काळ, म्हणजे सत्ता राजाच्या हाती आणि पक्षांना बंदी असलेला काळ, समजून घ्या. डिसेंबर १९६० मध्ये राजे महेंद्र यांनी बी. पी. कोइराला यांचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं. राजकीय पक्षांवरची बंदी एप्रिल १९९० पर्यंत उठली नाही. त्याच बंदीत, १९८२ साली, नेपाळी नाटककार अशेष मल्ल यांनी 'हामी वसन्त खोजिरहेछौं' हे सडक नाटक केलं. हवी होती लोकशाही, शोध चालला होता वसंताचा. वसंताला अटक कशी करणार? रूपकाची सगळी ताकद इथे आहे.

आख्यान रचताना अशीच एक गोष्ट निवडा, एकच. समजा, राजाने दवंडी पिटवली की आजपासून ओहोटी नाही. होडी खाडीच्या मुखाशी रेतीत रुतलीय. होडीचा प्रमुख, तांडेल, विचारतो, "पाणी खंय गेला?" शिपायाला भिऊन खलाशी म्हणतो, "पाणी खंय जावक नाय, रेती वर इली." इथे प्रेक्षक हसतील. हशा पुरता विरेपर्यंत पुढचं वाक्य घेऊ नका, अर्थ त्याच वेळात उतरतो.

ओहोटी म्हणजे अमुक, राजा म्हणजे तमुक अशी जुळणी करत बसू नका. राजकारणाशी देणंघेणं नसलेल्या माणसालाही होडीचं पुढे काय होतं याची उत्सुकता वाटली पाहिजे. तशी ती वाटत नसेल, तर रूपक कच्चं आहे.

राजाला विदूषक करू नका. तो बाकड्यावर, म्हणजे दशावतारातल्या सिंहासनावर, शांत बसून प्रेमाने हुकूम देतो, तेव्हाच भीती वाटते.

सगळ्यात मोठा धोका आयत्या वेळच्या संवादांचा. रंगात आलेला नट गावातल्या पुढाऱ्याचं नाव घेतो, टाळ्या पडतात आणि आख्यान त्या एका माणसापुरतं उरतं. म्हणून चेहरा रंगवायला बसण्यापूर्वी दवंडी, तांडेल-खलाशाचा सवाल-जवाब आणि शेवटचं वाक्य शब्दशः पक्कं करा. बाकी मोकळं सोडा, फक्त कुणाचं नाव, पक्ष किंवा चिन्ह येता कामा नये.

युद्ध हवंच, नाहीतर प्रेक्षक उठतील. पण राजाचा वध झाला की सगळं पौराणिक होतं, माणसं निर्धास्त घरी जातात. त्यापेक्षा दोन भाऊ घ्या, एक 'ओहोटी आहे' असं उघड म्हणणारा आणि दुसरा राजाला घाबरलेला, आणि त्यांच्यात युद्ध लावा. मृदंग द्रुत लयीत चढवा, आणि राजा बाकड्यावर असतानाच आख्यान संपवा.