आल्प्समध्ये सायकल चालवायला निघताय? मग आधी हातांची तयारी करा

आल्प्समध्ये माउंटन बायकिंगला पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरचा पोर्त द्यु सोलेय हा भाग सुचवतो. मोर्झिन, ले जे, शातेल, आव्होरिया ही फ्रान्सकडची गावं, शांपेरी आणि मॉर्जां स्वित्झर्लंडकडची, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या लिफ्टचा, म्हणजे सायकलसकट डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्या-खुर्च्यांचा, पास एकच. जिनिव्हा विमानतळावरून मोर्झिनला गाडीने साधारण दीड तास लागतो. लिफ्टचा खरा हंगाम जुलै-ऑगस्टचा, त्यामुळे तयारी आपल्याकडे थंडी असतानाच सुरू झालेली बरी.

सुरुवात व्हिसापासून. दोन्ही देश शेंगेनमध्ये येतात, तेव्हा एकच व्हिसा पुरतो. जास्त रात्री ज्या देशात राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, म्हणून तारखा ठरल्या की लगेच तिच्या मागे लागा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो. तो काढला की विम्याचं काम संपलं असं अनेकांना वाटतं, पण नेमकं इथेच थांबून पॉलिसीचा कागद नीट वाचा. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. ‘माउंटन बायकिंग’ हा शब्द त्यात आहे का, लिफ्टने वर जाऊन उतरणं त्यात धरलंय का, डोंगरातून सुटका आणि हेलिकॉप्टर यांचा खर्च मिळतो का, हे कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेला होकार उपयोगाचा नाही. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर बोलवावं लागलं, तर बिल जखमी माणसाच्या नावावर येतं.

आता शरीराची तयारी. आपल्याकडचे सायकलवाले सिंहगडाचा घाट चढून चढून पाय तयार करतात, आणि तिथे पोहोचल्यावर कळतं की वर न्यायला लिफ्ट आहे. चांगल्या दिवशी चार-पाच हजार मीटरची उतराई सहज होते, म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या दुपटीहून जास्त. दमतात ते हात. मोर्झिनच्या प्लेने या डोंगराच्या उतारावर प्रत्येक वळणाआधी हजारो टायरांनी ब्रेक मारून मारून जमिनीला आडव्या खाचा पडलेल्या असतात. त्यांवरून खडखडत उतरताना मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दगडासारखा होतो. खाली आल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवायचं म्हटलं तरी बोटं वळत नाहीत. पकड सुटली की ब्रेक सुटतो, आणि बहुतेक पडापडी दुपारी याच कारणाने होते. म्हणून निदान दोन-तीन महिने आधीपासून बारला लोंबकळणं, जड बादल्या धरून चालणं, पुश-अप्स हे करा. वेताळ टेकडीसारख्या जवळच्या वाटांवर उभं राहून उतरायचा सराव करा: पेडल समपातळीत, कोपरं बाहेर, नजर लांब, ब्रेकवर प्रत्येकी एकच बोट.

सायकल भाड्याने घ्या, स्वतःची नेण्याचा हट्ट नको. इ-बाइक न्यायचा विचार असेल तर तो सोडाच, तिची मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. भाड्याची सायकल महिनाभर आधी राखून ठेवा, उंची आणि वजन कळवा, म्हणजे सस्पेन्शन त्याप्रमाणे लावून मिळेल. ताब्यात घेताना एक गोष्ट न विसरता बघा: फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो. आपल्या हातांना तो उजवीकडे असायची सवय, मोटरसायकलमुळे तर जास्तच. घसरणीवर मागचा समजून पुढचा दाबला तर हँडलवरून थेट खाली. दुकानदाराला सांगितलं तर बरेचदा बदलून देतात. त्याच वेळी ब्रेक पॅडची जाडी बघा, लिव्हर बोटाजवळ आणून घ्या.

फुल-फेस हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, पाठीचं कवच हे तिथेही भाड्याने मिळतं, पण हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड स्वतःच्या मापाचे, वापरून सरावलेले असावेत. पूर्ण बोटांचे हातमोजे दोन जोड न्या, कारण भिजलेला जोड रात्रीत वाळेलच असं नाही. गॉगल, सपाट तळव्याचे बूट, पातळ पण खरोखर पाणी अडवणारं जॅकेट. खाली गावात ऊन असताना दोन हजार मीटरवर बोटं गारठतात, आणि दुपारी विजा कडाडू लागल्या की लिफ्ट बंद होतात.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तो चीजचा मुलूख आहे. शाकाहारी असाल तर तार्तिफ्लेत मागवण्याआधी विचारा, त्यात बटाटा-चीजबरोबर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. घरून चिवडा, दाण्याची चटणी, तेलातले थेपले न्या. साजूक तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर संध्याकाळी वरणभात होतो, आणि थकलेल्या अंगाला त्याहून बरं काही नाही.

सिम कार्ड घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते विचारा, तो देश युरोपीय संघाच्या रोमिंगमध्ये येत नाही. पाठपिशवीत पासपोर्ट, विम्याचा कागद, थोडे युरो आणि थोडे स्विस फ्रँक ठेवा, कारण वाट मध्येच सीमा ओलांडते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक दोन्हीकडे चालतो.

वाटांची अवघडपणाची चढती क्रमवारी हिरवी, निळी, लाल, काळी अशी असते. पहिल्या दिवशी हिरव्या आणि निळ्या वाटाच करा, लाल दुसऱ्या दिवसापासून. शांपेरीच्या काळ्या वाटा पहिल्या खेपेला नकोतच. आणि रोज सकाळी पहिल्या लिफ्टवर परतीच्या शेवटच्या लिफ्टच्या वेळेचा फोटो काढून घ्या. ती चुकली तर तुम्ही दुसऱ्या खोऱ्यात, कदाचित दुसऱ्या देशात अडकता, आणि डोंगराला वळसा घालून येणाऱ्या टॅक्सीचे पैसे मोजावे लागतात.