विचलनाचा प्रश्न कसा सोडवायचा: आधी कॉपी, मग सेटलमेंट

समाजशास्त्र ऑप्शनल घेतलेल्या, बीए किंवा एमएसडब्ल्यू करणाऱ्या पोरांचं ठरलेलं असतं. विचलित वर्तनावर, म्हणजे समाजाचे नियम मोडणाऱ्या वागण्यावर, प्रश्न आला की दर्खाइम, मर्टन, सदरलँड, बेकर अशी समाजशास्त्रज्ञांची नावं ओळीने मांडायची, प्रत्येकाला चार ओळी द्यायच्या आणि शेवटी 'विचलन ही बहुआयामी संकल्पना आहे' लिहून मोकळं व्हायचं. मार्क पडतात, पण उद्या भटक्या जमातींच्या एखाद्या पालावर जाऊन काम करायची वेळ आली तर त्या उत्तराचा काडीचा उपयोग नाही.

त्यापेक्षा हे करा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा: माणसाने हे का केलं? उजवीकडे लिहा: याला गुन्हेगार कोणी ठरवलं, कधी आणि कशाच्या जोरावर? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि सगळा घोळ ते एकत्र केल्यामुळे होतो. मग आपल्या ओळखीचं एक उदाहरण घ्या आणि सिद्धांत त्याच्यावर लावून बघा, कारण उदाहरणाशिवाय सिद्धांत डोक्यात राहतच नाही.

डाव्या बाजूसाठी बारावीची कॉपी घ्या. फेब्रुवारी-मार्च आला की कॉपीमुक्त अभियान, भरारी पथक, मायक्रो झेरॉक्सच्या चिठ्ठ्या आणि खिडकीला लटकलेले नातेवाईक, हे चित्र सगळ्यांनी बघितलेलं आहे.

दर्खाइमने १८९५ मध्ये सांगितलं की गुन्हा नसलेला समाज नसतो आणि शिक्षेमुळे बाकीच्यांना नियमाची रेघ दिसते. पथकाने एकाला उठवलं की अख्ख्या वर्गाच्या माना खाली जातात, झालं उदाहरण. यावर फार वेळ घालवू नका.

मर्टनवर मात्र थांबा (१९३८). त्याचं म्हणणं असं की समाज सगळ्यांना एकच ध्येय देतो पण तिथपर्यंत जायचे रस्ते सगळ्यांना देत नाही. आता ज्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सचे सर वर्षभर आलेच नाहीत, लॅबला कुलूप आहे, आणि घरून मात्र रोज विचारणा की किती टक्के पडणार, तिथलं पोरगं काय करेल? ध्येय मान्य, रस्ता स्वतःचा काढला, म्हणजे कॉपी. मर्टन याला नवप्रवर्तन म्हणतो. रोज क्लासला जातो, वह्या पूर्ण करतो पण पास व्हायची आशाच सोडलेली आहे तो कर्मकांडवादी, परीक्षेलाच न बसता घर सोडून निघून गेला तो पलायनवादी, ही परीक्षाच बदला म्हणून मोर्चा काढतो तो बंडखोर, आणि सरळ अभ्यास करणारा अनुरूप. पाचही प्रकार एका वर्गात सापडतात. पण एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकच कॉपी का करतो हे मर्टन सांगू शकत नाही, ही उणीव उत्तरात नक्की लिहा.

ते सदरलँड सांगतो: गुन्हा शिकला जातो, जवळच्या माणसांकडून. चिठ्ठी कुठे लपवायची, कुठल्या सेंटरला फॉर्म भरायचा, हे सिनिअर शिकवतात आणि त्यासोबत मनाची समजूत कशी काढायची तेही शिकवतात. ही समजूत काढायची तंत्रं साइक्स आणि मात्झा यांनी १९५७ मध्ये मांडली. सगळेच करतात, कोणाचं काय बिघडलं, पेपरच सिलॅबसबाहेरचा होता, ही वाक्यं तुम्ही ऐकलेली आहेत. हर्शी (१९६९) प्रश्नच उलटा करतो: बाकीचे का करत नाहीत? तर घरच्यांशी जिव्हाळा, आजवर घातलेली मेहनत, कामात गुंतलेपण आणि नियमावर विश्वास, हे चार बंध त्यांना धरून ठेवतात म्हणून.

आता उजवी बाजू. कॉपी करताना पकडलेल्या पोराचं पुढे काय होतं? वर्ष जातं, घरी बोलणी बसतात, दोन वर्षांनी सगळे विसरतात. लेमर्टने १९५१ मध्ये याला प्राथमिक विचलन म्हटलं, कृत्य झालं पण त्यावरून माणसाची ओळख बदलली नाही. आणि त्याच्या जातीला कोणी 'कॉपी करणारी जात' म्हणत नाही.

याच्या शेजारी सोलापूरचं सेटलमेंट ठेवा, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवलेली वस्ती. इंग्रजांनी १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणला, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. या कायद्यात चोरी करायची गरजच नव्हती, सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात गुन्हेगार, आणि त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान देता येत नव्हतं. नावनोंदणी, हजेरी, बाहेर जायला पास, आणि सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वस्ती आणि दिवसा गिरणीत काम. जन्मलेलं पोर त्यातच. डाव्या बाजूचा एकही सिद्धांत इथे लागू होत नाही कारण कृत्यच नाही, नुसता शिक्का आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून कायदा गेला म्हणून तो विमुक्त दिन, पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. पारध्यांचं पोट शिकारीवर होतं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकारही गुन्हा झाली. माणूस तोच, काम तेच, नियम वरून बदलला. बेकर १९६३ मध्ये हेच सांगत होता, विचलन कृत्यात नसतं, ते नियम करणाऱ्यांच्या आणि लावणाऱ्यांच्या हातात असतं.

लेमर्टचं दुय्यम विचलन समजून घ्यायचं तर पायरी पायरीने लिहा. गावात रात्री चोरी होते. सकाळी जीप सरळ पालावर. दोघातिघांना उचलतात. वकिलासाठी शेळ्या विकाव्या लागतात. जामिनावर सुटून आला तर ज्याच्याकडे खुरपणीला जायचा तो म्हणतो, उद्यापासून येऊ नको. पोरगी शाळेत जाते, तिथे कोणाचं तरी पेन हरवतं आणि सगळ्यात आधी हिचं दप्तर उलटं केलं जातं, पेन दुसऱ्याच्याच कंपासमध्ये सापडतं तरी हिला कोणी सॉरी म्हणत नाही, चार दिवसांनी ती शाळा सोडते. पुढच्या वेळी ठाण्यात याचं नाव 'रेकॉर्डवरचा' म्हणून आहेच. काम देणारे गेले, शाळा गेली, आणि आता जवळ घेणारी फक्त तीच माणसं उरली ज्यांच्यावर आधीच शिक्का आहे. इथून पुढे त्याने खरंच चोरी केली तर ती पहिल्या प्रकारची चोरी नाही, ती शिक्क्यातून आलेली आहे.

बेकरचे चार कप्पे पाठ करण्यापेक्षा भरून बघा. नियम पाळला आणि कोणी बोट दाखवलं नाही: अनुरूप. मोडला आणि पकडला: उघड विचलित. मोडला पण कोणाला कळलं नाही: गुप्त विचलित, म्हणजे ज्याची चिठ्ठी सापडली नाही तो. आणि चौथा, न करताच आरोप. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. व्हॉट्सॲपवरची अफवा नवी होती, पण 'फिरस्ता म्हणजे चोर' हा समज जुना. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या सहा जणांना, ज्यांना फाशी सुनावलेली होती, निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितले. हा चौथा कप्पा रिकामा ठेवून उत्तर लिहूच नका.

चांब्लिसचा १९७३ चा अमेरिकेतला अभ्यास इथे जोडा: एकाच शाळेतल्या पोरांच्या दोन टोळ्या, दोन्ही उनाड, पण चांगल्या घरची आठ पोरं गावाला सज्जन वाटत राहिली आणि गरीब घरची सहा पोलिसांच्या नजरेत. आपल्याकडे करून बघायचं असेल तर महिनाभर जिल्ह्याच्या पानावरच्या गुन्ह्यांच्या बातम्या कापून ठेवा. कुठल्या आरोपीची जमात हेडिंगमध्ये येते आणि बँक बुडवणाऱ्याची येते का, एवढंच मोजा. प्रोजेक्टला हे पुरतं.

लेबलिंगच्या, म्हणजे लेमर्ट-बेकरच्या या शिक्क्याच्या सिद्धांताच्या, प्रेमात मात्र पडू नका. पहिली चोरी का झाली हे तो सिद्धांत सांगत नाही, शिक्का बसूनही सरळ राहणारी माणसं ढिगाने आहेत, आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याचं नुकसान खरं असतं, त्याला 'ही सामाजिक रचना आहे' म्हणणं क्रूरपणा आहे. इथे ब्रेथवेट (१९८९) कामाला येतो: चुकीची लाज वाटायला लावा पण परत घरात घ्या, कायमचं बाहेर ढकलू नका.

वस्तीवर जाऊन लिहिणार असाल तर आणखी एक. 'गुन्हेगारी जमात' हा शब्द फक्त कायद्याचं नाव म्हणून वापरा, बाकी सगळीकडे विमुक्त. माणसांची आणि गावाची नावं बदला, कारण तुमचा रिपोर्ट उद्या ठाण्यात कोणी वाचला तर नवीन शिक्का तुमच्या हातून बसेल. आणि सबमिट करायच्या आधी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यापैकी कोणाला तरी तो मोठ्याने वाचून दाखवा, ते जिथे थांबवतील ते वाक्य सरळ काढून टाका.