हार्ड डिस्क घेताना या चुका टाळा : ७२०० च्या आकड्यामागे धावू नका

हार्ड डिस्कवर छापलेला ५४०० किंवा ७२०० हा आकडा तिची तबकडी मिनिटाला किती फेरे घेते एवढेच सांगतो. त्यावरून संगणक किती वेगाने चालेल हे ठरवणे, ही आमच्या भागात सर्वाधिक आढळणारी चूक आहे. हवी ती माहिती हेडखाली, म्हणजे तबकडीवरून माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यास ५४०० च्या डिस्कमध्ये सरासरी ५.५६ मिलिसेकंद लागतात आणि ७२०० च्या डिस्कमध्ये ४.१७. म्हणजे बचत दीड मिलिसेकंदाचीही होत नाही, आणि हेडला योग्य जागी सरकण्यास लागणारा वेळ दोन्हींत त्याशिवाय द्यावाच लागतो.

यवतमाळ जिल्ह्यातील एका सेवा केंद्रचालकाने ऐन पीक विम्याच्या दिवसांत संगणक रखडतो म्हणून ७२०० ची डिस्क आणली, जुनी विंडोज जशीच्या तशी तिच्यावर उतरवली आणि दारात सातबारा घेऊन शेतकरी ताटकळत असताना मला बोलावले. संगणकावरील कामाचा ताण दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकला होता आणि प्रत्यक्ष वाचन मात्र सेकंदाला जेमतेम दोन-तीन एमबी होत होते, कारण विंडोज ठिकठिकाणी विखुरलेल्या असंख्य लहान फायली उघडते आणि हेडची सारी धावपळ त्या शोधण्यातच खर्ची पडते. विंडोजसाठी २४० जीबीची एसएसडी बसवली, जिच्यात फिरणारे काही नसतेच, आणि नवी डिस्क अर्जांच्या प्रती ठेवण्यापुरती राहू दिली. ‘क्लोनच मारून द्या ना भाऊ, लवकर होते’ हा जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल उतरवण्याचा आग्रह मी मानत नाही. जुना कचरा नव्या जागी नेण्याची घाई ज्यांना असते, तेच महिनाभराने पुन्हा तक्रार घेऊन येतात.

कापसाच्या जिनिंगमधील कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला वेगवान डिस्क लावणेही तितकेच निरर्थक आहे. प्रत्येकी ४ मेगाबिटचे आठ कॅमेरे सेकंदाला अवघे ४ एमबी लिहितात (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी), जे ५४०० च्या डिस्कला सहज झेपते. उलट जादा फेऱ्यांनी उष्णता वाढते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना बंद लोखंडी पेटीतील डिस्क ६० अंशांच्या नेहमीच्या कमाल मर्यादेकडे झपाट्याने सरकते. म्हणून मी तेथे कॅमेऱ्यांसाठीचीच कमी फेऱ्यांची डिस्क देतो आणि पेटीला आधी जाळी पाडून घेतो.

बाहेरून जोडायची डिस्क यूएसबी २.० च्या पोर्टला लावणार असाल, तर फेऱ्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. ते पोर्टच सेकंदाला साधारण ३०-४० एमबीच्या पुढे जात नाही.

स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या सर्व्हरच्या १५००० फेऱ्यांच्या डिस्क बहुधा एसएएस या सर्व्हरसाठीच्या जोडणीच्या असतात आणि घरगुती संगणकात डिस्क जोडण्यासाठी असलेल्या सॅटा पोर्टवर त्या चालत नाहीत.