अमळनेर बघायचं तर असं बघा

मंगळवारी सकाळपासून बाहेरगावच्या गाड्या येतात, चोपडा रस्त्यावरच्या मंगळग्रह मंदिरात अभिषेक उरकतात आणि दुपारच्या आत परत फिरतात. मंदिरात मीही जाते, देवाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण एवढ्यावर कोणी ‘अमळनेर झालं’ म्हणू नये. गाव बघायचं असेल तर मंगळवार सोडून या आणि एक पूर्ण दिवस हातात ठेवा.

जळगाव जिल्ह्यातलं आमचं गाव, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर स्टेशन आहे. गाडी सोयीची नसली तर धुळ्याहून किंवा जळगावहून एसटी घ्या. दिवाळीनंतर माघापर्यंतचे दिवस उत्तम. चैत्र-वैशाखात ऊन माणसाला भाजून काढतं, तरी वैशाखाची एक गोष्ट पुढे सांगणार आहे. ती वाचून मग ठरवा.

पहिल्यांदा बोरी नदीवर जा, आणि सकाळीच जा. नदीला पाणी असेलच असं नाही. पात्रातच संत सखाराम महाराजांची समाधी आहे आणि काठावर वाडी संस्थान. इथली दिंडी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. वैशाख शुद्ध एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी, तेव्हा पात्रात यात्रा भरते. पाळणे, भांड्यांची दुकानं, माहेराला आलेल्या लेकी, सगळं वाळूत. गर्दी सोसत असेल तर त्या आठवड्यात या, नसेल तर मुळीच येऊ नका. नदीवरून जुन्या गावात शिरताना दगडी दरवाजा बघा. गावाला कोट होता त्याची ही खूण, आणि तिची पडझड बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

इथून पुढे माझी एक पद्धत आहे. पाहुण्यांना मी गाव मिलच्या पैशाच्या मागे-मागे दाखवते. माझे सासरे प्रताप मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. भोंगा झाला की आमच्या गल्लीतल्या चुली पेटायच्या. भोवती कपाशीचा मुलूख, दाराशी रेल्वे, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सूत आणि कापडाची मिल उभी राहिली. ती काढणारे श्रीमंत प्रताप शेठ. आज तिचा खडखडाट नाही, त्यामुळे तिथे फार वेळ घालवू नका. त्या पैशाचं काय झालं ते बघायला निघा.

तत्त्वज्ञान मंदिरात जा. 1916 साली, कापसाच्या आमच्या गावात, शेठजींनी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. देशभरातून हुशार माणसं वेदान्त आणि पाश्चात्त्य दर्शनं शिकायला इथे येऊन राहत. कोलकात्याचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य 1930 च्या दशकात इथे संचालक होते. टी. आर. व्ही. मूर्तींसारखा पंडित इथे राहून गेला. आवारात गेलात की आधी कार्यालयात विचारा, मोठ्याने बोलू नका, फोटो परवानगीनेच. आणि घाई करू नका. बाहेर हातगाड्यांचा कलकलाट आणि आत ब्रह्म-मायेची चर्चा, हे एका गिरणीमालकाला सुचलं याचं मला अजूनही अप्रूप आहे.

साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी इथेच, तत्त्वज्ञान शिकायला. मग 1924 मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. शाळेत शक्यतो मधल्या सुट्टीत किंवा सुटल्यावर जा, तास चालू असताना डोकावू नका. गुरुजी छात्रालय सांभाळायचे, पोरांची अंथरुणं स्वतः आवरायचे, त्यांचे मळके कपडे धुवायचे. पोरांसाठी स्वतःच्या अक्षरात ‘छात्रालय दैनिक’ लिहायचे. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. म्हणजे गुरुजी इथे जेमतेम सहा वर्षं शिक्षक होते, पण मी स्वतः मास्तरीण, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते, गावातला प्रत्येक शिक्षक आजही स्वतःला त्यांच्याशीच मोजतो. 1945 मध्ये सुरू झालेलं प्रताप कॉलेज बघून या. 2024 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं; त्याआधी 1952 चंही अमळनेरलाच झालं होतं.

त्याच 1945 साली, डिसेंबरच्या अखेरीस, मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. हीच आजची विप्रो. गावातल्या साध्यासुध्या लोकांनी, शेतकऱ्यांनी तेव्हा तिचे शेअर घेतले आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं कल्याण झालं. कारखान्यात आत सोडणार नाहीत, त्यामुळे तिथे जाऊन गेटाचे फोटो काढण्यापेक्षा एखाद्या जुन्या दुकानात बसा आणि शेअरचा विषय काढा. “कथाईन उनात?” म्हणजे ‘कुठून आलात?’ असं आधी अहिराणीत विचारतील. नीट सांगा, मग चहा येईल आणि अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

याच गप्पांत आजचं गाव कळतं. पोरं पुण्याला, सुरतेला निघून जातात. तापीवरच्या पाडळसे धरणाचं काम किती वर्षं रेंगाळलंय हे इथे कोणालाही विचारा, शेतकरी पोटतिडकीने सांगेल.

जेवायला हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी मागा, वांगी भाजलेली असावीत कपाशीच्या काड्यांवर, गॅसवर नव्हे. शेवभाजी कुठेही मिळेल, तिखट झेपत नसेल तर आधीच बोला. आणि खापरावरची पुरणपोळी हॉटेलात शोधू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोणाच्या घरी ओळख काढा आणि चुलीजवळ बसून बघा. पुरण भरलेला उंडा बाई थोडा लाटते, मग उचलून दोन्ही हातांवर घेते आणि मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत झुलवत पोळी एवढी मोठी करते की तिच्यातून पलीकडचा जाळ दिसतो. ती अलगद उपड्या खापरावर टाकायची, क्षणात उलटायची आणि गरम असतानाच घडी घालायची. चीर पडली तर पुरण खापरावर जळतं, म्हणून त्या वेळी तिच्याशी बोलू नका. सोबत आमरस घ्या आणि वरून तूप नको म्हणू नका, यजमानीण नाराज होते.

वेळ उरला तर तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वराला जाऊन या. तिकडे जायला वाहन आधीच ठरवा आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते सकाळी उतरल्याबरोबर स्टेशनवर विचारून ठेवा.